उत्तरपादाविना व्यवहार

ज्या खुनाचा उलगडा तपास यंत्रणेला कधीच झाला नाही आणि ज्याच्याशी संबंध आलेला प्रत्येक माणूस, मग तो मारणारा असो, मरणारा असो वा पाहणारा, आज हयात नाही, त्या खुनाचा कर्ता अमुकच असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या प्रमाणाच्या बळावर पोहोचतो, हा प्रश्न वरवर पाहता न्यायवैद्यकाचा किंवा इतिहासाचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे माणसाला खरोखर काय ठाऊक असते आणि ते कशाच्या आधारे, याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा प्रश्न आहे. आणि त्याच्याही मुळाशी एक धर्मप्रश्न आहे, कारण ज्याच्याविषयी बोलले जाते तो मृत असला तरी बोलणारा जिवंत असतो आणि आपल्या वाणीचा हिशेब त्याला द्यावाच लागतो. या प्रश्नाची चिकित्सा करण्यासाठी लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल येथे १८८८ साली झालेल्या खुनांइतके पुष्कळ चर्चिले गेलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात मेरी अ‍ॅन निकल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे खून झाले. ते ज्याच्या माथी मारले जातात त्याचे ‘जॅक द रिपर’ हे नाव कोणा साक्षीदाराने सांगितलेले नाही. सप्टेंबरच्या अखेरीस एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईत लिहिलेले एक पत्र आले, त्याखाली ही सही होती, आणि ते पत्र कोणा पत्रकाराचीच करामत असावी असे मत पुढे खुद्द काही पोलीस अधिकाऱ्यांनी नोंदवले. खून नेमके पाचच आणि ते एकाच हातचे, हेही प्रत्यक्षाने कळलेले नसून अनुमानाने ठरवलेले आहे. न्यायशास्त्रात ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचे त्याला ‘पक्ष’ म्हणतात आणि तो पक्षच असिद्ध असेल तर त्याच्याविषयी दिलेल्या हेतूला ‘आश्रयासिद्ध’ हा दोष लागतो; आकाशातील कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, हे त्याचे पाठशाळेतले नेहमीचे उदाहरण. पाचही खून करणारा, पत्रे लिहिणारा आणि भिंतीवर खडूने मजकूर लिहिणारा असा जो एक पुरुष हौशी शोधक गृहीत धरतात, तो तुकडे जोडून उभा केलेला असल्यामुळे ‘त्याचे’ शिक्षण, ‘त्याचा’ विनोद, ‘त्याचे’ हस्ताक्षर यांविषयीची पुष्कळशी विधाने आकाशकमळाच्या सुगंधाचीच ठरतात.

हौशी तपास ही नंतरच्या पिढ्यांनी काढलेली टूम आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. जॉर्ज लस्क या बांधकाम व्यावसायिकाच्या अध्यक्षतेखाली सप्टेंबर १८८८ मध्येच स्थानिक व्यापाऱ्यांची दक्षता समिती स्थापन झाली होती आणि तिची माणसे रात्री गल्ल्यांतून गस्त घालत होती. ऑक्टोबरच्या मध्यास अर्धे मूत्रपिंड असलेली पेटी आली तीही याच लस्क यांच्या घरी. चॅपमनच्या मृत्यूची चौकशी करणारे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची ज्यूरीसमोर जाहीर चौकशी चालवणारे अधिकारी (ही संस्था मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होती), विन बॅक्स्टर यांनी समारोपाच्या भाषणात एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली, जो संग्रहालयांकडे मानवी गर्भाशयाचे नमुने प्रत्येकी २० पौंड देऊन मागत होता म्हणे. ज्याचे काम मृत्यूचे कारण ठरवण्याचे, त्यालाही खुन्याची कथा रचण्याचा मोह आवरला नाही, तर पुढच्यांना दोष काय द्यावा?

अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत विचारास विषय होणाऱ्या सोळा पदार्थांची जी यादी आहे, तिच्यात ‘संशय’ हा दोष म्हणून नव्हे, तर विचाराची सुरुवात म्हणून येतो. अंधारात उभे असलेले काही खांब आहे की माणूस, अशी दोन्ही बाजूंना झुकणारी बुद्धी म्हणजे संशय, आणि दोन्ही पक्षांची छाननी करून होणारा निश्चय म्हणजे ‘निर्णय’. यांच्या जोडीला त्या यादीत चर्चेचे तीन प्रकार येतात: सत्य कळावे म्हणून गुरू, शिष्य आणि सहाध्यायी यांच्यासारख्या मत्सररहित माणसांत चालतो तो ‘वाद’, जिंकण्यासाठी छलकपटासकट चालतो तो ‘जल्प’, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन चालते ती ‘वितंडा’. व्हाइटचॅपलच्या चर्चेत हे तिन्ही प्रकार आढळतात, पण ज्याने एका संशयिताच्या नावाने पुस्तक लिहिले आहे त्याची चर्चा वाद राहणे जवळजवळ अशक्य असते, कारण निर्णय त्याने मुखपृष्ठावरच छापलेला असतो. प्रसिद्ध रहस्यकथालेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल यांनी २००२ साली चित्रकार वॉल्टर सिकर्ट यांना खुनी ठरवणाऱ्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच प्रकरण मिटल्याचे जाहीर केले होते. सिकर्ट त्या शरद ऋतूचा बराचसा काळ फ्रान्समध्ये होते असे त्यांच्या कुटुंबीयांच्या पत्रांवरून दिसते, हा आक्षेप मग केवळ खोडून काढण्याची अडचण होऊन बसतो.

परंतु या प्रकरणात सर्वांत उद्बोधक ठरते ते अनुपलब्धी हे प्रमाण. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांच्या मते एखादी वस्तू नाही हे ज्ञान ती न दिसण्यातून होते, मात्र प्रत्येक न दिसण्यातून नव्हे. ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते, आणि म्हणून या प्रमाणाला ‘योग्य-अनुपलब्धी’ म्हणतात. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही, पण अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी याला आणखी काटेकोर रूप दिले. देशाने, काळाने किंवा स्वभावानेच दूर असलेल्या, म्हणजे ‘विप्रकृष्ट’ गोष्टींची अनुपलब्धी अभावाचे ज्ञान देत नाही, ती केवळ संशयाला जन्म देते, असे त्यांचे मत होते. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट ही काळाने विप्रकृष्ट असल्यामुळे हौशी शोधकांच्या हातातील बरेचसे ‘पुरावे’ या कसोटीवर तपासता येतात, आणि त्यांतील दोन उदाहरणे समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण शालीचे आहे. कॅथरीन एडोजच्या मृतदेहाजवळची म्हणून सांगितली जाणारी एक रेशमी शाल २००७ साली लिलावात विकली गेली आणि २०१४ साली तिच्यावरील डागांतून मिळालेल्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या, म्हणजे आईकडून अपत्याकडे उतरणाऱ्या आनुवंशिक द्रव्याच्या आधारे, आरन कॉस्मिन्स्की हा पोलिश ज्यू न्हावी खुनी असल्याचे जाहीर झाले. असे द्रव्य एका व्यक्तीचे नव्हे, तर एका मातृवंशाचे असते आणि असंख्य अनोळखी माणसांत सारखे आढळू शकते, हा आक्षेप तज्ज्ञांनी घेतलाच. पण त्याहून साधा आक्षेप कागदावरच आहे. एडोजच्या अंगावरील आणि जवळील वस्तूंची जी यादी पोलिसांनी केली ती थक्क करणारी बारीक आहे: काळी गवती टोपी, पुरुषी बूट, चहाचा एक आणि साखरेचा एक डबा, साबणाचे सहा तुकडे, गहाणवटीच्या पावत्या ठेवलेला मोहरीचा डबा, पांढऱ्या चिंध्यांचे बारा तुकडे आणि एकाच हाताचा एक लाल मोजा. ज्या कारकुनी नजरेतून जोडीतला एकटा मोजा निसटला नाही, तिच्यातून फुलापानांची मोठी रेशमी शाल निसटली असेल हे संभवत नाही. येथे वस्तू असती तर नोंदली गेलीच असती, म्हणून यादीतील शालीची अनुपलब्धी ही योग्य-अनुपलब्धी आहे आणि ती बरेच काही सिद्ध करते.

दुसरे उदाहरण चार्ल्स क्रॉस ऊर्फ लेचमिअर या गाडीवानाचे. ३१ ऑगस्टच्या पहाटे कामावर जाताना बक्स रो या गल्लीत निकल्सचा देह प्रथम याच माणसाला दिसला. त्याने मागून येणाऱ्या दुसऱ्या कामगाराला थांबवले, दोघांनी पुढे भेटलेल्या शिपायाला सांगितले आणि चौकशीच्या वेळी तो साक्षीसाठी हजरही राहिला. अलीकडे त्यालाच खुनी ठरवणारा एक पक्ष जोरात आहे आणि त्याचा एक मुख्य हेतू असा की, त्याने सावत्र बापाचे आडनाव सांगितले आणि इतर खुनांच्या वेळी तो कोठे होता याची नोंद सापडत नाही. पण ती नोंद असती तर सापडलीच असती असे मानायला आधार कोणता? त्याला कोणी संशयित मानलेच नव्हते, म्हणून कोणी विचारले नाही, म्हणून लिहिले गेले नाही. येथील न सापडणे धर्मकीर्तींच्या पिशाचाच्या न दिसण्यासारखे आहे. याच मापाने मोजले तर त्या काळच्या व्हाइटचॅपलमधील हजारो पुरुष खुनी ठरतील, कारण त्यांपैकी कोणाच्याही रात्रींचा हिशेब कोठे लिहिलेला नाही. ज्याने देह पाहून कळवण्याची तसदी घेतली, तेवढाच एक नावानिशी हाती लागला इतकेच.

मेल्व्हिल मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने १८९४ साली लिहिलेल्या टिपणात तीन नावे आहेत, त्यांच्याबाबत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. माँटेग्यू ड्रुइट याला टिपणात डॉक्टर म्हटले आहे, प्रत्यक्षात तो बॅरिस्टर आणि शिक्षक होता. त्याचा देह डिसेंबर १८८८ च्या अखेरीस थेम्स नदीत सापडला आणि खून थांबण्याशी या मृत्यूची वेळ जुळते, हाच त्याच्याविरुद्धचा मुख्य हेतू. तो ‘सव्यभिचार’ आहे, म्हणजे साध्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणी राहणारा आहे, कारण नदीत जीव देणारे लोक लंडनला नवे नव्हते. मायकेल ऑस्ट्रॉग हा त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात होता हे पुढे तेथील नोंदींवरून उघड झाले. अधिक बलवान प्रमाणाने खोडल्या जाणाऱ्या अशा हेतूला ‘बाधित’ म्हणतात. उरलेला कॉस्मिन्स्की वेड्यांच्या इस्पितळात गेल्यावर लवकरच मेला अशी टीप इन्स्पेक्टर स्वॉन्सन यांनी एका पुस्तकाच्या समासात केली आहे, आणि आरन कॉस्मिन्स्की तर १९१९ पर्यंत जगला. खुन्याला शरीररचनेचे ज्ञान होते की नाही याविषयी पोलिसांच्याच दोन डॉक्टरांपैकी डॉ. फिलिप्स यांचे मत होकारार्थी आणि डॉ. बाँड यांचे ठाम नकारार्थी असल्यामुळे तो हेतू ‘सत्प्रतिपक्ष’, म्हणजे तुल्यबळ विरोधी हेतू समोर उभा असलेला, ठरतो आणि त्यावर उभारलेले शल्यविशारदांचे आणि खाटकांचे सगळे इमले सारखेच डळमळीत राहतात.

यातून एक विषमता दिसते, जिच्याकडे हौशी शोधकांचे टीकाकार सहसा लक्ष देत नाहीत. अमुक माणूस खुनी होता हे सिद्ध करण्याची सामग्री आता उरलेली नसली, तरी अमुक माणूस खुनी असणे शक्य नव्हते हे सिद्ध करणारा एखादा कागद आजही मिळू शकतो, कारण तुरुंगाची नोंदवही, क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक किंवा इस्पितळाचे दप्तर खुनाशी संबंध नसलेल्या कारणासाठी जपलेले असते. साधन हरवले तरी बाध शिल्लक राहतो. विनावेतन, विनाअधिकार, केवळ कुतूहलापोटी दप्तरे चाळणाऱ्या माणसांनी या प्रकरणाला जे खरे योगदान दिले ते नावे वगळण्याचे आहे, जरी त्यांची कीर्ती नावे घेण्यावर उभी असली तरी. वितंडेला शास्त्रकारांनी हीन मानले असले, तरी या एका क्षेत्रात ती वादापेक्षा अधिक फलदायी ठरावी हा विनोद गौतमाच्या टीकाकारांना कदाचित रुचला नसता.

आता धर्मप्रश्नाकडे वळता येईल. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेत विज्ञानेश्वराने व्यवहाराचे, म्हणजे न्यायालयीन निवाड्याच्या कामाचे, चार पाद सांगितले आहेत: वादीचे म्हणणे हा भाषापाद, प्रतिवादीचे उत्तर हा उत्तरपाद, पुराव्याचा क्रियापाद आणि निकालाचा साध्यसिद्धिपाद. उत्तर चार प्रकारचे असू शकते आणि त्यांतील ‘मिथ्योत्तर’, म्हणजे आरोपच खोटा आहे हे उत्तर, आले की सिद्धीची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर राहते. मृताविरुद्धच्या व्यवहारात दुसरा पाद कायमचा गळालेला असतो. त्याचे मौन हे मिथ्योत्तर मानून आरोपकर्त्याने पूर्ण भार उचलावा, हा त्यावरचा एकमेव न्याय्य तोडगा दिसतो, पण प्रत्यक्षात मौनालाच कबुली समजले जाते. उत्तरपाद किती निर्णायक असतो हे जॉन पायझर या चांभाराच्या उदाहरणावरून दिसते. ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाने त्याच्यावर संशय आला, १० सप्टेंबरला त्याला पकडले, त्याच्या जिवाला जमावापासून धोका होता. पण दोनच दिवसांनी त्याला कॉरोनरपुढे उभे केले गेले, निकल्सच्या खुनाच्या रात्री लंडनच्या गोदीला लागलेली आग पाहत असताना आपण एका पोलिसाशी बोललो होतो हे त्याने सांगितले आणि तो निर्दोष ठरला. लेचमिअर, ड्रुइट आणि कॉस्मिन्स्की यांना ती संधी कोण देणार?

याज्ञवल्क्याच्या प्रायश्चित्ताध्यायात ‘अभिशंसन’ या दोषाचा, म्हणजे दुसऱ्यावर महापातकाचा आरोप उच्चारण्याचा, जो विचार आहे तो आधुनिक वाचकाला चक्रावून टाकतो. खोटा आरोप करणाऱ्याला दुप्पट दोष लागतो, हे समजण्यासारखे आहे. पण खरा आरोप करणाऱ्यालाही आरोपिताइतकाच दोष लागतो, असे तेथे सांगितले आहे. ज्या समाजात पतित ठरलेल्या माणसाचे अन्नपाणी आणि नातेगोते तुटत असे, तेथे नाव घेणे हीच एक कृती होती आणि तिचा परिणाम आरोपाच्या सत्यतेवर अवलंबून नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कठोरपणाचा अर्थ लागतो. मराठी भाषिकांना याची प्रचीती त्यांच्याच इतिहासात येते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाबाबत ‘ध चा मा’ करणारा तो कागद कोणी दाखवू शकलेले नाही, तरी आनंदीबाईंचा गुन्हा मात्र वाक्प्रचार होऊन शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला आहे. जैन परंपरेतील अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे, पैशुन्य, म्हणजे चहाडी, आणि परपरिवाद, म्हणजे परनिंदा, ही तीन स्थाने वेगवेगळी मोजली आहेत, आणि सत्यव्रताच्या अतिचारांत बनावट लेख करण्याचाही समावेश आहे. १९९२ साली उजेडात आलेल्या, खुद्द खुन्याची म्हणून सांगितल्या गेलेल्या जेम्स मेब्रिकच्या तथाकथित रोजनिशीचा इतिहास पाहता हा शेवटचा अतिचारही या प्रकरणात वाया गेलेला नाही.

तथापि अज्ञात खुनाविषयी गप्प राहणे हाच धर्म, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही, आणि त्याचे सर्वांत नेमके कारण व्हाइटचॅपलमध्ये त्या वेळी मोठ्या संख्येने राहणाऱ्या ज्यू समाजाच्या धर्मग्रंथात सापडते. तोरामधील अनुवाद या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, उघड्या रानात मारलेल्या माणसाचा देह सापडला आणि मारणारा ठाऊक नसला तर काय करावे, याचा विधी दिला आहे. वडीलधाऱ्यांनी देहापासून भोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे, सर्वांत जवळच्या नगराच्या वडिलांनी जोखडाला न जुंपलेली कालवड नांगर न लागलेल्या, वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात न्यावी, तिची मान मोडावी आणि हात धुऊन जाहीर करावे की हे रक्त आपल्या हातांनी सांडलेले नाही. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी याचे स्पष्टीकरण जवळजवळ गुप्तहेराच्या भाषेत दिले आहे: मोजणी, मिरवणूक आणि कायम पडीक राहणारी जमीन यांमुळे लोकांत चर्चा होते आणि चर्चेतून खुनी सापडतो. लोकचर्चेचा, म्हणजेच हौशी तपासाचा, इतका स्पष्ट पुरस्कार धार्मिक वाङ्मयात अन्यत्र क्वचितच असेल.

पण मैमोनिदीस यांच्याहून जुन्या मिश्ना या संहितेने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. न्यायासनावरचे वडीलधारे खुनी आहेत असे कोणाच्या मनात तरी येईल काय, मग त्यांना हे जाहीर करायला का लावले? त्याचे उत्तर असे दिले आहे की, तो माणूस आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला अन्नाविना किंवा सोबतीविना लावून दिले असे घडलेले नाही, हे त्यांना सांगायचे असते. या कसोटीवर १८८८ चे व्हाइटचॅपल उभे केले तर चित्र पालटते, कारण येथे प्रमाणांची टंचाई नाही. निकल्सला थ्रॉल स्ट्रीटवरील वसतिगृहातून रात्री बाहेर काढले, कारण खाटेचे चार पेन्स तिच्याजवळ नव्हते. चॅपमन डॉर्सेट स्ट्रीटवरील ३५ क्रमांकाच्या वसतिगृहातून पहाटे पावणेदोनच्या सुमारास त्याच कारणासाठी बाहेर पडली, आणि शवचिकित्सेत तिच्या फुफ्फुसांचा आजार व उपासमारीच्या खुणा आढळल्या. एडोजला दारूच्या नशेत पकडून बिशप्सगेट चौकीत ठेवले होते. रात्री एकच्या सुमारास तिला सोडून दिले आणि पाऊण तासाने ती माइटर स्क्वेअरमध्ये मृत सापडली. केलीला खोली होती, पण तिचे भाडे २९ शिलिंग थकले होते, आणि तिचा देह ज्याने खिडकीतून पाहिला तो घरमालकाने भाडे मागायला पाठवलेला माणूस होता.

या नोंदी कोठे दडवलेल्या नव्हत्या. वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने, तुरुंगरक्षकाने आणि भाडेवसुली करणाऱ्याने त्या शपथेवर सांगितल्या आणि वृत्तपत्रांनी छापल्या. हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ साली या पाच स्त्रियांचे चरित्र लिहिताना त्यांनाच मध्यवर्ती स्थान दिले आणि त्यांतील तिघी वेश्याव्यवसाय करत होत्या याला आधार नाही असा दावा केला, तेव्हा हौशी शोधकांच्या एका गटाने त्या दाव्यावर जोरदार हल्ला चढवला. दाव्याच्या तपशिलात वादाला जागा आहे, आणि तो वाद व्हावाही. पण चार पेन्ससाठी दार कोणी लावून घेतले हे त्या वादात कोणत्याही पक्षाला नाकारता येत नाही. त्या स्त्रियांच्या मृत्यूच्या चौकशीत ज्यूरींनी दिलेले निर्णयही याच मर्यादेत राहिले: अज्ञात व्यक्तीने किंवा व्यक्तींनी हेतुपुरस्सर केलेला खून. मिश्नाने कालवडीची मान मोडल्यानंतरही खुनी सापडला तर त्याला शासन व्हावे असे सांगून ठेवले आहे. म्हणजे विधी झाला तरी शोधाचे दार बंद होत नाही, आणि तोवर कोणाचे नाव घेण्याची सक्तीही वडीलधाऱ्यांवर नाही. त्यांना फक्त आपल्या नगराच्या वेशीपर्यंतचे अंतर मोजून त्या रात्रीपुरते स्वतःविषयी बोलायचे असते.